काटा साठवर होता

चढावरच्या सिग्नलचा दिवा हिरवा झाला आणि तिची गाडी पुढे जाण्याऐवजी वीतभर मागे सरकली. मागून हॉर्नचा एकच कल्ला उठला. तेवढ्यात कुणीतरी मागच्या चाकाखाली वीट सरकवली आणि खिडकीशी येऊन शांतपणे सांगितले, "इतकी रेस नको, क्लच सावकाश सोडा. गाडी म्हातारी आहे, बहिरी नाही."

ती जनावरांची डॉक्टर. लाथा-शिंगांना न डगमगणारी. त्या आवाजाने मात्र ती गडबडली.

चढाच्या माथ्यावरचे गॅरेज त्याच्या आत्याचे होते आणि तो तिथला मेकॅनिक. ही गाडी माझ्या वडिलांची, विकायची नाही, हे तिने आधीच बजावले.

"इंजिन ठणठणीत आहे," गाडीखालून तो म्हणाला. "डिफरन्शियलचे, म्हणजे मागची चाकं फिरवणारे गिअर बदलू. आता इंजिनकडून येणाऱ्या दांड्याच्या ३.९ फेऱ्यांत चाक एकदा फिरतं, ते साडेचार फेऱ्यांवर आणू. सायकलचं पुढचं चक्र लहान करावं तसं. चटकन उचलेल, कमाल वेग थोडा घटेल."

"म्हणजे निघायची घाई, पोहोचायची नाही?"

"काही माणसं तशीच असतात…" त्याचे हात ग्रीसने काळे होते. कानांच्या पाळ्या मात्र लाल.

रोज संध्याकाळी ती 'काम बघायला' येऊन स्टुलावर बसू लागली.

"दोन दिवसांचं काम, आठवडा झाला," आत्या म्हणाल्या. "गिअरच्या दातांतली फट मोजतोय म्हणे. डोळे मात्र स्टुलाकडे."

गाडी ताब्यात देताना त्याने सांगितले – दुसऱ्या शहरातल्या कारखान्यात नोकरी लागली आहे. रविवारी अकराची बस. तिने अभिनंदन केले. गाडीने चढ एका दमात घेतला, पण तिला त्याचे सुख वाटले नाही.

शनिवारी तिने फोन केला. "उद्या बावन्न किलोमीटरवरच्या गोठ्यात आहे. दहा वाजून पाचला निघेन. साठने आले तर अकराला तीन मिनिटं कमी असताना स्टँडवर. थांबा… काही सांगायचंय."

"फोनवर सांगा की."

"फोनवर सांगण्यासारखं असतं तर आत्तापर्यंत सांगितलं नसतं?"

रविवारी ती ठरल्या वेळी निघाली. रस्ता सपाट, मोकळा. काटा तिने साठवरून हलू दिला नाही. तरीही स्टँडवर पोहोचली तेव्हा घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती. फलाट रिकामा.

"इकडे," बाकावरून आवाज आला.

बॅग मांडीवर घेऊन तो बसला होता.

"बस गेली?"

"गेली. चूक माझी. गिअर बदलले, पण त्या दांड्याच्या फेऱ्या मोजणारं स्पीडोमीटरचं चक्र बदलायला विसरलो. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी बावन्नने धावते. बसमध्ये बसल्यावर ध्यानात आलं – तुम्हाला बरोबर एक तास लागणार. म्हणून उतरलो."

"तुमच्या हातून अशी चूक?"

"त्या दिवशी… तुम्ही समोर बसला होता."

ती बाकाच्या कडेवर टेकली.

"आणि नोकरी?"

"उद्या हजर व्हायचंय. संध्याकाळी सहाची बस आहे. तुम्हाला काय सांगायचं होतं?"

"तुम्ही मला आवडता. एवढंच."

त्याने मांडीवरची बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "आत्या आठवडाभर एकच विचारतेय – तिला विचारलंस का?"

"मग विचारा ना," ती म्हणाली, आणि पाठ सैल सोडून बाकाला टेकली. "सहापर्यंत वेळ आहे."

विचारायला त्याने सहा वाजण्याची वाट पाहिली नाही.