पिंडाजवळची सिगारेट

कावळ्याने भाताच्या पिंडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारी ठेवलेली सिगारेट उचलली, दगडावर आपटून मोडली आणि चक्क खाल्ली.

गोदाकाठी दशक्रियेला जमलेल्यांनी हात जोडले. मोतीरामनानांचा जीव सिगारेटीतच अडकला होता म्हणे! सगळे कावळ्याकडे बघत होते. नानांचा मुलगा हर्षल, गोळ्या-बिस्किटांचा ठोक व्यापारी, मात्र घाईघाईने सिगारेटचं पाकीट खिशात सारत होता.

छायाने ते पाहिलं. ती अन्नसुरक्षा अधिकारी. लोकांच्या खाण्यात नाक खुपसण्याचाच तिला पगार मिळे. आज मात्र ती हर्षलच्या बायकोची, साधनाची, मामेबहीण म्हणून आली होती.

साधना बॅग घेऊन बाजूला उभी होती. मधुमेही सासऱ्यांना चोरून गोड खाऊ घातलं, त्यातच ते गेले, असा तिच्यावर ठपका होता. विधी आटोपला की तिला कळवणला माहेरी धाडायचं ठरलं होतं. दहा दिवसांत तिला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता, नुसता निकाल दिला होता. छायाला याचाच संताप येत होता.

ती नानांच्या बायकोजवळ, नवसाबाईंजवळ जाऊन बसली.

“मावशी, सिगारेट कुणी ठेवली?”

“म्या. त्यांच्या उशाखाली पाकीट व्हतं.”

“नाना अजून ओढायचे?”

“नाय गं. वरीस झालं, पेटवली नाय. नुसती तोंडात धरायचे.”

“मग थोटकं कुठे टाकायचे?”

नवसाबाई विचारात पडल्या. “थोटूक कधी दिसलंच नाय. खाटेखाली मुंग्या मात्र लय.”

छाया उठली. “हर्षलराव, ते पाकीट द्या.”

“कशाला, ताई?”

“द्या.”

तिने आतली एक कांडी मोडली. तंबाखूचा कणही नव्हता. नुसती पांढरी साखर, सिगारेटच्या आकाराची गोळी.

“लहानपणी आपण याच कांड्या तोंडात धरून ऐट करायचो,” ती सगळ्यांना म्हणाली. “तेव्हा टोक लाल असायचं, पाकिटावर ‘सिगारेट’ असं छापलेलं असायचं. ओरड झाल्यावर बऱ्याच ठिकाणी नाव बदललं, लाल टोक गेलं. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे, पण या गोळीत तंबाखूच नाही, म्हणून ती राजरोस खपते. कावळा म्हणूनच खाऊ शकला. नानाही चघळून संपवायचे, मग थोटूक राहील कसं? मुंग्यांना कळलं ते घरच्यांना कळलं नाही. कळलं होतं फक्त एकाला. कावळ्याने तुकडा खाल्ला आणि त्या एकाने पाकीट लपवलं.”

हर्षल पुढे आला.

“पोरांना सिगारेटीचा नाद लागेल म्हणून पालक भांडले, तेव्हा शाळेजवळच्या दुकानदाराने ही खोकी परत केली. नानांची खरी सिगारेट सुटावी म्हणून मी त्यांना दिली. सुटलीही, ताई! महिन्यापूर्वी त्यांच्या रक्तातली साखर भयंकर वाढली, तेव्हा कारण माझ्या लक्षात आलं. पण कुणाला सांगायचं नाही, अशी नानांनी शपथ घातली. मी आणून देत राहिलो.”

“आणि गोड कोण देतं म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा माझ्याकडे बोट केलंत,” साधना म्हणाली.

“चुकलो. घरी चल.” त्याने तिच्या बॅगेला हात घातला.

तिने बॅग सोडली नाही.

“दहा दिवस मी आठवतेय, नानांच्या चहात माझ्या हातून साखर पडली होती का. शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, पडली असेल.”

मग ती छायाकडे वळली. “ताई, कळवणची गाडी कितीला आहे?”