चार फुटांवरची तुती

चहाचं आधण ठेवून सून तांब्याभर पाणी घेऊन मागच्या अंगणात उतरली आणि पायरीवरच थबकली. काल संध्याकाळी आपल्या खोलीच्या खिडकीखाली, भिंतीपासून जेमतेम चार फुटांवर तिने लावलेलं तुतीचं रोप तिथे नव्हतं. खड्डा बुजवलेला होता, वरची माती पायाने दाबून सारखी केलेली होती आणि रोप मुळाभोवतीच्या मातीसकट पुन्हा आपल्या तेलाच्या जुन्या डब्यात जाऊन बसलं होतं. शेजारी फावड्यावर हात टेकून तिचे सासरे, गावातले जुने मिस्त्री, उभे होते.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"हो," म्हातारे मिस्त्री तिच्याकडे न बघता म्हणाले. "भिंतीजवळ झाड नको. घराला बाधतं."

ते रोप काही बाजारातून आणलेलं नव्हतं. माहेरच्या दारात तिच्या वडिलांनी लावलेल्या झाडाची ती फांदी. वडील गेले, घर परक्यांच्या हाती गेलं आणि नवा मालक झाड पाडणार असं कळल्यावर ती आदल्या दिवशी धावत जाऊन एक हिरवी काडी तोडून घेऊन आली होती. दीड वर्ष तिने ती काडी लेकरासारखी जपली होती... आणि मिस्त्रींना हे ठाऊक नव्हतं थोडंच? त्या डब्याच्या तळाला भोकं त्यांनीच तर पाडून दिली होती.

"सगळं गाव म्हणतं, तुम्ही घातलेल्या पायावर मनोरासुद्धा उभा राहील," ती म्हणाली. "मग एवढ्याशा रोपाची भीती कशाला, बाबा?"

मिस्त्रींनी फावड्याला चिकटलेली माती पायाने खरवडली.

"भिंत तुमची, अंगण तुमचं. माझं म्हणावं असं एक रोपटंही इथे असू नये, एवढंच ना? असू दे. रविवारी माझी बहीण यायची आहे, तिला देऊन टाकते."

ती रडली असती तर त्यांना सोसलं असतं. पण ती शांतपणे आत गेली, चहा गाळला, त्यांचा कप नेहमीच्या जागी ठेवला आणि चष्म्याच्या दुकानात कामाला निघून गेली.

मिस्त्री किती तरी वेळ त्या बुजवलेल्या खड्ड्याकडे बघत राहिले. पोरीला काय सांगायचं होतं, आणि ते सांगायला जीभ का रेटत नव्हती, हे त्यांचं त्यांनाच माहीत होतं!

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भाड्याच्या ओलसर खोलीत त्यांच्या बायकोच्या छातीत पाणी झालं होतं. मुलगा दोन वर्षांचा, तिच्या कुशीत. डॉक्टरांनी मिस्त्रींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "औषध मी देतो, पण हिला कोरड्या जागेत हलवा. या भिंतींमध्ये ही महिना काढायची नाही." जागा होती, घर नव्हतं. दुसऱ्यांच्या बांधकामावर जाणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं आणि एकट्याने ही मागची खोली उभी करायला घेतली. लोकांना कंबरेइतका पाया खणायला लावणारा तो माणूस, स्वतःच्या घराला मात्र गुडघाभर खणून दगड रचू लागला. कारण प्रत्येक कुदळीगणिक त्याला तिकडचा खोकला ऐकू येत होता... विसाव्या दिवशी खोलीवर छप्पर चढलं. बायको वाचली.

पुढे समोरच्या खोल्या वाढल्या, त्या पक्क्या, नियमाने. ही एकच तशीच राहिली. "तुझ्यापायी पाया उथळ ठेवला" हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं? ती जन्मभर मनाला लावून घेईल. आणि मग मिस्त्रींनी बांधलेल्या घरांना तडा जात नाही असं लोक बोलू लागले, त्यांना 'पायावाले मिस्त्री' म्हणू लागले. तेव्हा तर ते गुपित घशातल्या काट्यासारखं जास्तच खोल रुतलं.

त्या बाजूची माती चिकट. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. तुती मोठी झाली की उन्हाळ्यात मातीतला थेंबन् थेंब ओढून घेणार, माती बसणार आणि गुडघाभर पायावरची भिंत तिच्यामागोमाग खचणार. त्या भिंतीला लागूनच मुलगा-सून झोपत होते. मग मिस्त्रींनी काय करायचं होतं?

चार दिवस घरात सगळं रीतसर चाललं होतं, आणि तेच मिस्त्रींना खात होतं. सून वेळेवर ताट वाढायची, गोळ्या हातात द्यायची. पण रोज संध्याकाळी दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून त्यांना हसवायची, ते थांबलं होतं. बस चालवून थकून आलेला मुलगा एकदा म्हणाला, "बाबा, एवढा कसला हट्ट? तिला दुसरं काय आहे तिच्या घरचं?" मिस्त्री ताट पुढे सारून उठले.

शनिवारी सून कामावर गेली तसे ते उठले. टेप घेऊन भिंतीपासून अंगण मोजत निघाले. तुती वाढून वाढून पंचवीस फूट वाढेल. जेवढी उंची, निदान तेवढं अंतर हवं. सांडपाण्याचा नळही टाळायला हवा, नाहीतर मुळं त्यात घुसतात. सगळं सोडून पंचवीस फुटांवर, तारेच्या कुंपणाच्या अलीकडे, एकच जागा उरत होती... आणि तिथे त्यांची शेड होती. पत्र्याची, आठ बाय सहाची. थाप्या, ओळंबा, गजाचे तुकडे, जुनी खुर्ची. काम सुटल्यापासून त्यांची सगळी दुपार तिथेच जायची. त्यांचं म्हणून जे काही राज्य उरलं होतं, ते एवढंच.

त्यांनी पहिला पत्रा उचकटला.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" आवाज ऐकून बायको धावत आली. "ऊन बघा, वय बघा!"

"तू आत बस. मला करू दे."

संध्याकाळी सून आली तेव्हा शेड नव्हती. हत्यारं पायरीवर रांगेत मांडलेली होती, आणि सासरे मोकळ्या जागेतले दगड वेचत होते. बोटाला चिंधी गुंडाळलेली, सदरा घामाने चिकटलेला.

"बाबा, हे काय केलंत?"

"तुझ्या तुतीला जागा केली, पोरी." ते सावकाश सरळ झाले. बायको दारात उभी होती. एकदा तिच्याकडे बघून ते बोलू लागले. "त्या दिवशी मी खोटं बोललो नाही, पण पुरतं खरंही बोललो नाही. तुमच्या खोलीचा पाया गुडघाभरच आहे. मीच तसा घातला. वीस दिवसांत छप्पर चढवायचं होतं... तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं मला. गाव मला पायावाला म्हणतं, आणि माझ्याच घराखाली ही लबाडी आहे."

बायको हळूहळू पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी आली.

"वीस दिवस," ती म्हणाली. "मी तेव्हा पडल्या पडल्या देवाला विचारायची, हा माणूस मला सोडून जातो तरी कुठे दिवसभर?" तिने पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला. "लबाडी कसली हो? त्या गुडघाभर पायावर तीस वर्षं माझा संसार उभा आहे."

सुनेने खाली वाकून त्यांच्या दुखावलेल्या बोटाची चिंधी सोडली, पाहिली, आणि ती पुन्हा नीट बांधताना तिचा इतके दिवस आवरलेला हुंदका फुटला.

"मी तुम्हाला काय काय बोलले, बाबा... आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

"बापाला ऐकवायचं नाही तर कुणाला?"

हत्यारांतली थापी सुनेने उचलून पदराने पुसली. "ही सगळी आमच्या खोलीत ठेवायची, माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात. तुमची खुर्ची त्या खिडकीत. दुपारी तिथे बसायचं."

रविवारी सकाळी बहीण आली, ती रोप न्यायला नव्हे, लावायला. रात्री सगळं कळलेल्या मुलाने कुदळ मागितली, पण मिस्त्रींनी ती दिली नाही. खड्डा त्यांनाच खणायचा होता. सून डबा कडेवर घेऊन वाट बघत उभी होती. थोड्या वेळाने ती वाकून आत डोकावली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली,

"बाबा, हा तरी पुरता खोल खणा हं."

मुलगा दचकला. मिस्त्री कुदळीवर रेलून तिच्याकडे बघत राहिले... आणि मग छातीपासून, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसू लागले. तीस वर्षांत या गोष्टीवर ते पहिल्यांदाच हसत होते.

"कंबरेइतका खणतो," डोळे पुसत ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा कुदळ उचलली.