नर्सरीवरचा लाल डाग

"अहो, पडाल!"

भूगोलाच्या मॅडम नर्सरीतल्या कमळाच्या टाक्यात नाक बुडेल इतक्या वाकल्या होत्या. त्या दचकल्या, आणि पडल्याच असत्या; नर्सरीवाल्याने कोपर धरलं म्हणून वाचल्या.

"काय शोधताय एवढं?"

"डासांच्या अळ्या."

"कष्ट फुकट गेले की! टाक्यात मासे आहेत, ते एक अळी शिल्लक ठेवत नाहीत." तो हसला. "बसा, पाणी देतो."

मॅडम बसल्या. कॉलेजच्या मुलांना त्या डेंग्यू नकाशावरून शिकवत होत्या. सगळ्यांनी गल्लोगल्ली फिरायचं, अळ्या सापडल्या की फोनवर नोंद करायची, की नकाशावर लाल ठिपका उमटायचा. हे त्यांनी त्याला नीट समजावलं. दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून पुन्हा समजावलं. मग रोजच.

"मॅडम, माझी परीक्षा कधी आहे?" एकदा त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं.

मॅडमना हसू आवरेना. पावसाची सर आली की तो नर्सरीतल्या बाकावर जवळ सरकायचा... छत्री एकच होती ना!

नकाशा कॉलेजच्या वेबसाइटवर लागला आणि सगळ्यांत मोठा लाल डाग निघाला तो नर्सरीवर. गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली. शेवटी तो भर वर्गात दारात येऊन उभा राहिला.

"माझ्याकडचं रोप नेलं की घरात ताप येतो म्हणतात लोक. मॅडम, तुम्ही तर रोज बघत होता—"

तो रागावला असता तर परवडलं असतं. तो दुखावला होता. मॅडमनी घाईघाईने वर्गातल्या पडद्यावर नोंदी उघडल्या.

"नोंद जिथे बसून करू, फोन तीच जागा धरतो," पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली. "शेऱ्यात नावं गल्ल्यांची आहेत, म्हणजे कुणीतरी तिथल्या अळ्या नर्सरीत बसून नोंदवल्यात. आणि मॅडम... या सगळ्या नोंदी तुमच्याच फोनवरच्या आहेत."

नेटवर्कच्या माथी खापर फोडता आलं असतं. थाप अगदी ओठांवर आली होती. पण इथे त्याच्या पोटावर पाय आला होता.

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "फिरून यायचे आणि तुमच्या बाकावर बसून नोंदी करायचे. कारण... तिथे बसायला निमित्त हवं होतं मला. बाकासाठी नव्हे. तुमच्यासाठी."

मागून शिट्टी आली. मॅडमचे कान तापले, पण मान खाली गेली नाही. मुलांनी ठिपके आपापल्या जागी हलवले, मॅडमनी झालेल्या चुकीबद्दलचा खुलासा स्वतःच्या नावानिशी वेबसाइटवर टाकला. नर्सरीची जागा कोरी झाली.

तो त्यांच्याकडे बघतच राहिला.

"म्हणजे तुम्ही माझ्याकडे येत होता, याची आता खूणच उरली नाही?"

"नाही."

"मग यावंच लागेल... निमित्ताशिवाय. याल?"

"येईन," मॅडम म्हणाल्या. "पण फोन घरी ठेवून."