पार्किंगखालचा माग

पटत नसेल तर इथंच थांबा, पुढं वाचू नका. पण हे खरं आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी घडलं. मागच्या उन्हाळ्यात, नागपुरात, तांडापेठेत.

आणि रात्री नाही घडलं.

भर दुपारी.

भूत रात्रीच येतं म्हणणाऱ्यांनी आमच्याकडची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही. गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं. दारं लोटलेली, घरोघरी कूलरची घरघर. कुणी मेलं तरी शेजाऱ्याला चहाच्या वेळेला कळतं.

माझा मावसभाऊ अभिजीत शहराबाहेर वाडीच्या एका गोदामात मॅनेजर आहे. देवभोळा अजिबात नाही. माझ्या बायकोच्या उपासांची टिंगल करणारा प्राणी. आम्ही कोष्टी. त्याचे वडील, शालिकराम काका, शेवटपर्यंत हातमागावर लुगडी विणत होते. तांडापेठेतली जुनी घरं त्यासाठीच बांधलेली. बुटकी, कवेलूच्या छपराची, आणि पुढच्या खोलीत जमिनीत एक खड्डा. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो, पायांनी माग चालवतो. मागं बायको बसते आणि चरख्यासारख्या रहाटावर कांड्या भरते. धोटा म्हणजे ताण्यातून आडवं सूत नेणारी लाकडी होडी, आणि कांडी म्हणजे त्यात घालायची सुताची नळी. ती संपली की विणणारा मान वळवत नाही, नुसता हात मागं करतो.

"कांडी दे वं."

चंद्रकला मावशीनं लग्न झाल्यापासून दुसरं फारसं काही ऐकलंच नाही.

मग गल्लीत फ्लॅटच्या स्कीमा आल्या. एकेक घर पडलं, एकेक बिल्डिंग उठली. गल्ली तीच, तेवढीच अरुंद, पण दोन्ही बाजूंनी पाच-पाच मजले. खाली उभं राहून आभाळ पाहायचं तर मान मोडते. विक्रम नावाचा बिल्डर काकांकडेही आला. काका म्हणाले, मागावरचं लुगडं उतरू दे, मग पाड काय पाडायचं ते.

लुगडं अर्ध्यावर आलं आणि काका मागावरच कलंडले.

आता माग भंगारात द्यायचा का? मावशी ऐकेना. मेलेल्या माणसाचं अर्धं काम भंगारवाल्याच्या हातगाडीवर? तिनं माग सोडवून, ताण्याच्या उभ्या धाग्यांसकट, खड्ड्यातच निजवला. हळदकुंकू वाहिलं. वरून मलबा भरला. आम्हा सगळ्यांना ते चांगलंच वाटलं हो. मान राखला, असंच वाटलं.

बिल्डिंग झाली. पहिल्या मजल्यावर अभिजीतला फ्लॅट मिळाला, बरोबर जुन्या घराच्या जागेवर. त्याची बायको प्रणाली तर हरखून गेली. चकचकीत फरशी, ओटा, लिफ्ट. खाली पार्किंग.

आणि एका दुपारी लाइट गेली.

कूलर बंद पडला. अभिजीतची सुट्टी होती, तो फरशीवरच आडवा झाला होता. सगळं गपगार.

आणि फरशीखालून...

खट्... खटाक्.

खट्... खटाक्.

कोष्ट्याच्या पोराला हा आवाज ओळखावा लागत नाही. तो उठून बसला. मावशी भिंतीला टेकून बसली होती. हसत होती.

"तुह्ये बाबा काम करून राहिले," ती म्हणाली.

"आई, काहीतरी काय बोलतं वं? खाली पार्किंग आहे."

"हव. त्याच्या खाली."

तो पायऱ्या उतरून पार्किंगमध्ये गेला. कोपऱ्यात, खड्डा होता त्या जागी, आता एक जाडजूड पिलर. तिथं आवाज नव्हता. गल्लीतला नव्हता, चौकातल्या गाड्यांचा नव्हता... त्यानं चप्पल घासून पाहिली. तिचाही आला नाही.

त्यानं पिलरवर तळहात ठेवला.

सिमेंट आतून हलत होतं. खट्, थांब, खटाक्.

तो वर आला आणि तो तळहात नळाखाली धरून राहिला.

त्यानंतर कूलर थांबला की आवाज यायचाच. आणि मावशीचा हात चालू व्हायचा. उजवा हात हवेत गोल गोल फिरायचा, डाव्या हाताची बोटं चिमटीत काहीतरी धरून. रहाट कधीच विकला होता. समोर काही नव्हतं. तरी ती कांड्या भरत होती. सुरुवातीला मोठ्या खुशीत. प्रणालीला म्हणायची, "पाह्य वं, अजून माह्याशिवाय भागत नाही त्याईचं."

मग प्रणालीनंच पाहिलं ते.

"अहो, आईंचं लुगडं आखूड होऊन राहिलं."

अभिजीत चिडला. पण पदर हातात घेऊन पाहिला. पदर फाटला नव्हता, झिजला नव्हता. त्यातलं आडवं सूत तेवढं गेलं होतं. उभे धागे नुसते लोंबत होते. कात्रीनं, सुईनं, कशानंही असं करता येत नाही. विणलेलं कुणीतरी नीट, एक एक धागा मागं ओढून घेतलं होतं.

दुसरं लुगडं नेसवलं. आठवड्यात तेही गेलं. कामठीची यंत्रमागाची साडी आणली. ती तर चारच दुपारी पुरली.

आणि मावशी वाळत चालली. दोन माणसांचं जेवायची आणि वाळायची. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. मनगट इतकं बारीक झालं की बांगड्या खांद्याकडे सरकायच्या. तिची खुशीही संपली.

एक दिवस तिनं अभिजीतचा हात धरला.

"मले नाही भरायच्या आता. हात थांबत नाही गा. मले थांबव, अभी."

"पण हे होऊन काहून राहिलं आई? बाबाले काय पाहिजे?"

तिनं पदराचे लोंबते धागे मुठीत धरले. मग सांगितलं.

आमच्याकडे काम संपलं की धोटा ताण्यातून बाहेर काढून कोनाड्यात ठेवतात. रोज. धोटा आत राहिला म्हणजे विणणारा उठलेला नाही, पाणी प्यायला गेलाय, येईल. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. माग खड्ड्यात ठेवताना धोटा काढून घ्यायला हवा होता.

"म्याच ठेवला आत," मावशी म्हणाली. "भरलेल्या कांडीसकट. म्हटलं, त्याईले वाटू दे काम सुरू आहे. मेलो म्हणून कळलं तर जीव घाबरंल त्याईचा."

आता सांगा, हिला काय म्हणायचं? प्रेम केलं बाईनं. आणि स्वतःच्या हातानं फास घालून घेतला.

अभिजीत धावत विक्रमकडे गेला. पार्किंग फोडून द्या म्हणाला, काय लागेल ते देतो. विक्रम आधी हसला. मग अभिजीतचा चेहरा पाहून हसू आवरलं.

"भाऊ, खड्डा नाही राहिला तिथं. काँक्रीट ओतलं आहे. त्या पिलरवर अख्खी बिल्डिंग उभी आहे. एवढी घरं तुमच्या एका धोट्यासाठी पाडू?"

त्याचंही चूक नव्हतं.

अभिजीतनं मावशीला उमरेडला आपल्या बहिणीकडे नेलं. बसमध्येच तिचा हात फिरायला लागला. तिथं तर कूलर चालू असतानाही थांबेना. दूर गेल्यावर बहुतेक जास्त भरावं लागत होतं. परत आणली.

शेवटची दुपार त्यानं मला जशी सांगितली तशी सांगतो.

लाइट गेली. त्यानं ठरवलंच होतं. मावशीसमोर मांडी घालून बसला आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

खट्... खटाक्.

तिचं मनगट त्याच्या मुठीत फिरायला धडपडू लागलं. त्या काडीएवढ्या हातात एवढा जोर... त्यानं सोडलं नाही.

मग फरशीखालून आवाज आला. त्याच्या बापाचा. अगदी रोजचा, साधा, कामात असलेल्या माणसाचा.

"कांडी दे वं."

मावशी रडत होती. "सोडू नको, अभी."

"नाही सोडत, आई."

"कांडी दे वं."

"बाबा, सोडा ना तिले!" तो ओरडला. "बस झालं आता!"

खट्...

पुढचं खटाक् आलंच नाही.

माग थांबला. तिचे हात सैल पडले. अभिजीतला वाटलं, जिंकलो. तिचं डोकं खांद्यावर घेऊन तो लेकरासारखा रडला. तिला झोप लागली असं समजून तसाच बसून राहिला. लाइट आली, कूलर सुरू झाला, प्रणाली पाणी घेऊन आली. तिनं सासूच्या तोंडाकडे पाहिलं आणि तांब्या हातातून सुटला.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. उन्हाळा, वय, अशक्तपणा.

मी म्हणालो, सुटली बिचारी. सगळेच म्हणाले.

तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि दुसऱ्याच दुपारी लाइट गेली. मी तिथंच होतो. अभिजीत फरशीवर पालथा झाला, कान लावला. मला म्हणाला, तूही ऐक. मला नव्हतं ऐकायचं. पण ऐकलं.

खट्... खटाक्.

आणि त्याच्या मागं, बारीक... रहाटाची कुरकुर.

मी झटकन कान उचलला. तरी मीच त्याला समजावलं. म्हटलं, अभ्या, फ्लॅट विकून टाक, जा इथून. आणि वाईट काय आहे यात? दोघं एकत्र तर आहेत. जन्मभर होते, तसे.

त्यानं कान फरशीवरून उचलला नाही.

"तुले अजून नीट ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "बाबा कांडी मागून राहिले. अन् आई मले आवाज देऊन राहिली. सोडवायले. रोज."

मी उठलो. चपला घालताना मला घाई झाली होती, हे मी मान्य करतो. तो तसाच पालथा पडून होता आणि फरशीशी हळू आवाजात बोलत होता.

"हव आई, मी इथंच आहो. कुठं नाही गेलो."

त्यानंतर मी त्या घरी गेलेलो नाही. फोन करतो. दुपारी केला तर तो उचलत नाही.