आठशे बाय आठशे

लोम गावात माणूस गेला की शोकपत्र छापून दारावर, बसथांब्यावर, झाडाच्या खोडावर चिकटवतात, आणि हल्ली गावाच्या चॅट ग्रुपवरही टाकतात. कागद उभा, पण ग्रुपमध्ये आधी दिसतो तो चौकोनी तुकडा. मग मोबाइलवर उरते नुसती हनुवटी आणि टाय. दारिनाला या आळशीपणाची भयंकर चीड होती. तिच्या छपाईच्या दुकानातून ग्रुपसाठी वेगळं चित्र जायचं: आठशे पिक्सेल रुंद, आठशे उंच, चेहरा मधोमध, खाली घरच्यांची नावं. दारिनाकडचं माणूस डोक्यासकट जातं, असं गाव म्हणायचं.

त्या गुरुवारी ती स्वतःच्या आईचं पत्र जुळवत होती. शनिवारी आईचा, स्तान्काबाईंचा, चाळिसावा दिवस; त्या दिवसासाठी गावात नवं पत्र लावतात. आई गेली तेव्हाच्या पहिल्या पत्रावर दोघा भावंडांची नावं होती. या वेळी तिनं एकच ठेवलं: ‘मुलगी दारिना’. कामेन जर्मनीत ट्रक चालवायचा. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती, तो एकदाही फिरकला नाही. मातीलाही आला नाही. आईचं कोण होतं ते गावाला एकदा नीट वाचू दे, म्हणून तिनं चित्र पाठवून दिलं.

पाचच मिनिटांत समोरच्या बेकरीतून गेन्का मावशीचा फोन.

"दारे, तुझ्याकडून असं कसं गं झालं? खाली एक नाव अर्धंच दिसतंय."

तिनं ग्रुप उघडला. खरंच, तळाशी अक्षरांचे नुसते शेंडे होते. चित्राची उंची पाहिली. आठशे सेहेचाळीस. सेहेचाळीस म्हणजे तिच्या टंकाची बरोबर एक ओळ. संगणकातलं मूळ चित्र मात्र आठशेच होतं.

तिनं ते काढून टाकलं, पुन्हा पाठवलं. पुन्हा आठशे सेहेचाळीस. या वेळी तिनं चित्र पूर्ण उघडलं, तेव्हा तळाची ओळ वाचता आली. ‘मुलगा कामेन’.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्याला फोन लावला.

"माझ्या चित्रात हात घालायला कुणाकडून शिकलास रे?"

"कसलं चित्र? गाडी चालवतोय मी. शनिवारसाठी निघालोय, दारे."

"आता? चाळिसाव्याचे उकडलेले गहू खायला येतोयस? तुझं नाव नाही पत्रावर. मी कापलंय."



"आईनं कापलं असतं?" त्यानं विचारलं.

"आई तुझी वाट बघत दाराकडे तोंड करून मेली! तिचं नाव घेऊ नकोस."

फोन आदळून ती परत बसली. ठीक आहे, सेहेचाळीस वाढतात ना, मग सेहेचाळीस आधीच कमी करू. तिनं तळाची कोरी पट्टी छाटली. सातशे चौपन्न. पाठवलं.

ग्रुपमध्ये उंची आली आठशे. अगदी नेमकी. चेहरा मधोमध.

खाली एकच ओळ. ‘मुलगा कामेन’.

तिनं संगणकातलं चित्र उघडलं. तिथंही तेच. पहिल्या पत्राची फाइल उघडली. तिथंही एकच नाव, आणि ते नीट मधोमध बसवलेलं.

ती बाहेर धावली. दुकानाच्या दारावर पहिल्या पत्राचा, तिनं स्वतःच्या हातानं चिकटवलेला कागद होता, उन्हानं पिवळा पडलेला. त्यावरही फक्त मुलाचं नाव. दुसऱ्या नावाला त्यात जागाच नव्हती.

ती तरातरा रस्ता ओलांडून बेकरीत शिरली.

"मावशी, ही काय थट्टा चाललीय? मला आत्ता फोन कुणी केला होता?"

गेन्कानं पिठाचे हात पुसत वर पाहिलं. चेहऱ्यावर गिऱ्हाइकापुरतं हसू होतं.

"कुणाला शोधताय, बाई? बाहेरगावच्या दिसता."

"मावशी, मी दारिना."

"असाल हो, मी कुठं नाही म्हणते? पण आज काही मिळायचं नाही बघा. शनिवारी समोरच्या स्तान्काचा चाळिसावा आहे, गहू मलाच उकडायचेत." तिनं उसासा टाकला. "एकुलता एक पोरगा, तोही परदेशात. दोन वर्षं पडून होती बिचारी, तोंडात पाणी घालायला घरात कुणी नव्हतं."