शिनोचा चांदीचा आकडा

ती खालची फट बुजवू नकोस, पोरा. पायाला गार लागतं ना? लागू दे. या न्हाणीघरात येतं ते गरम झऱ्याचं गंधकाचं पाणी आहे. त्याचा वायू जड, जमिनीलगत साचतो आणि त्या फटीतून बाहेर जातो. वास येतोय तोवर आपण ठीक. वास यायचा थांबला, म्हणजे वायू साचून नाक बधिर झालं; मग कपड्यांसाठीही थांबायचं नाही. बस असा जवळ, अंधार पडलाय तर सांगतोच. माझ्या शेजारचा तोकुजी सुतार, त्याच्यावर गुदरलेली गोष्ट. त्यानंच मला सांगितली.

सहा वर्षं झाली. तीन फेब्रुवारीची रात्र, राक्षस हाकलायचा सण, नुकतेच आठ वाजलेले. घरोघर भाजलेले सोयाबीन फेकून पोरं ओरडत होती, "राक्षस बाहेर! भाग्य आत!" त्या आठवड्यात या फटीसमोरचं बर्फ काढायची पाळी तोकुजीची होती. त्यानं पितरांच्या देव्हाऱ्यात गेलेल्या बायकोपुढे भाताची वाटी ठेवली, शेजारी तिचा केसांचा चांदीचा आकडा पुसून ठेवला, देव्हाऱ्याची कडी लावली आणि फावडं घेऊन निघाला.

या पाण्यात चांदी काळी पडते. म्हणून त्याची बायको शिनो न्हाणीघराच्या दारातच आकडा काढून तोकुजीच्या हातात द्यायची. "धरा हो. दारू प्यायला विकू नका." रोज तीच थट्टा. आदल्या हिवाळ्यात ती गेली तेव्हाही आकडा त्याच्या मुठीतच होता. तो बाहेर वाट बघत होता, आणि ती आतून आलीच नाही.

वरच्या नव्या हॉटेलचा मालक कुरोसाका. त्याच्या पाहुण्यांना इथल्या या न्हाणीघरात पायाशी गार वारा लागायचा, म्हणून यानं कुणालाही न विचारता फटीवर फळी ठोकली. शिनोला बाहेर काढेपर्यंत फळी गायब. राहिली ती खिळ्यांची भोकं. हवालदाराला म्हणाला, "हृदय कमजोर असेल. वयही झालं होतं बाईंचं." एक्कावन्न वर्षांची होती ती! अर्धं गाव त्याच्याकडे कामाला. कुणी तोंड उघडलं नाही.

तर तोकुजी इथे पोचला. बायकांची वेळ सातला संपलेली. दाराशी एकच जोड, कुरोसाकाचे भारी बूट.

फावड्याचा आवाज ऐकून तो आतूनच बोलला, "कोण, तोकुजी का रे? काय हा वारा! बुजवून टाका ना ती फट. मागे मी फळी मारली, तर तुम्हा लोकांना केवढा राग!" आणि हसला.

हसला.

तोकुजीनं फावडं वळवलं. बर्फ काढायचं सोडून फटीत कोंबायला लागला. टाचेनं ठोकून बसवलं आणि उभा राहिला.

आत गाणं चाललं होतं. मग सूर रेंगाळला. मग कुरोसाका जड जिभेनं म्हणाला, "वास गेला वाटतं... बरं झालं."

तोकुजी हलला नाही.

थप्प.

फटीतलं बर्फ बाहेर पडलं. त्यानं पुन्हा कोंबलं. पुन्हा पडलं. या वेळी आतून ढकलल्यासारखं. चार बोटं... उमटलेली.

त्यानं तिसऱ्यांदा फट भरली. बर्फात बसला, पाठ लावली, पाय रोवले.

शांत.

मग पाठीवर, बर्फापलीकडून... एक हात टेकला. गरम.

तो हात त्याला ओळखू आला. तीस वर्षं त्याच हातानं त्याची पाठ चोळली होती.

"नको," तो दात आवळून म्हणाला. "शिनो, याला नको. तुझ्या वेळी कोण होतं गं फट उघडायला? याला नको वाचवूस..."

हात रेटत राहिला.

आत कुरोसाका पुटपुटला, "अहो बाई... तुमची वेळ संपली... ओढू नका... अहो..."

दार धाडकन उघडलं. कुरोसाका नागडा बर्फात पडला, ओकत. जिवंत. "ती ओली बाई कोण? तोकुजी, आत कोण होतं?"

तोकुजीनं नाक दाबून आत डोकावलं. कुणी नव्हतं. पाणी स्थिर.

घरी गेला तो भांडायच्या तयारीनं. गल्लीत कुणीतरी त्याच्यावर सोयाबीन फेकले, "राक्षस बाहेर!" तो थांबला नाही. थेट देव्हाऱ्यापुढे. "मला एकदा विचारायचं तरी होतंस!" ओरडला. "माझ्या हातानं व्हायचं होतं ते!"

देव्हाऱ्याची कडी होती तशीच होती. त्यानं ती काढली.

भाताची वाटी जागच्या जागी. शेजारी आकडा...

काळा ठिक्कर. रात्रभर या पाण्यात पडल्यासारखा.

उजाडेपर्यंत तो राखेनं घासत होता. अजून घासतो. मी स्वतः घासून पाहिलाय.

नाही उजळत.