आडवी रेघ आधी

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. सर म्हणाले होते, गोडाऊनची गोष्ट गोडाऊनमध्ये ठेवा.

नाही ठेवत.

सातिवलीला आमचं मिक्सरचं गोडाऊन. माल चीनचा. माझा दोस्त जॅक्सन खोकं उघडून माल तपासतो आणि तपासल्याची खूण म्हणून खोक्यावर पांढऱ्या पेंट मार्करने 开 लिहितो. यूट्यूबवर शिकलाय. "दार उघडणं, गाडी चालवणं, मशीन चालू करणं, पाणी उकळणं, सगळ्याला हे एकच," तो सांगायचा. सगळे त्याला 'चायनीज भेळ' म्हणायचे.

सोमवारी एक खोकं परत आलं. मिक्सरचं पातं सैल. गिऱ्हाईक बाईचा हात कापलेला. खोक्यावर 开.

"जॅक्सन, उद्यापासून येऊ नको," भालचंद्र सर म्हणाले.

"सर, हे मी नाही लिहिलं."

"मग काय चीनहून कोण आलेलं?" सुपरवायझर अनुज हसला.

डिस्पॅचची स्वप्नाली मात्र खोक्यापाशी बसली. नखाने पेंट चाचपला. मग जॅक्सनच्या दुसऱ्या खोक्यावरचा.

"मार्कर कोणाकोणाकडे असतो?"

"माझ्याकडे आणि अनुजदादाकडे. बस."

"अनुजदादा, तुम्ही कधी लिहिलंय हे?"

"मला कुठे येतंय!"

"बघून काढा की. या पुठ्ठ्यावर."

अनुजने ऐटीत काढलं. आधी दोन उभे पाय. मग मधली रेघ. शेवटी वरची, एका झटक्यात.

"झालं," स्वप्नाली उठली. "सर, हात लावून बघा. जॅक्सन आडव्या रेघा आधी मारतो, पाय नंतर. तसंच शिकलाय तो. त्याच्या प्रत्येक खोक्यावर पायांचा पेंट आडव्या रेघेवर चढलाय. परत आलेल्यावर उलटं. वरची रेघ सगळ्यात शेवटी मारलीय. आपण शाळेत अक्षर काढून झाल्यावर शिरोरेषा देतो ना, तशी. दादांनी आत्ता तुमच्यासमोर तेच केलं."

अनुजचा चेहरा उतरला. "टेम्पोवाला बोंबलत होता. चाळीस खोकी कोण उघडत बसणार?"

"म्हणजे बाकीची एकोणचाळीस पण न तपासता गेली?" जॅक्सन ओरडला. "सर, आधी ती परत मागवा!"

सरांनी फोन उचलला. मग हळूच म्हणाले, "उद्या ये तू. पण ते चायनीज बंद."

"येतो सर. पण लिहिणार तेच."

चहाच्या टपरीवर जॅक्सन मला म्हणाला, "लिहिशील तर नावं बदल हां."

"तुझं नाही बदलणार. अनुजचंही नाही. शब्द देतो."